परतलेल्यांचा रकाना

खांबावरचा हिरवा माणूस लुकलुकायला लागला, तशी काकांनी हातातल्या मोजणीयंत्राची कळ दोनदा दाबली. एक बाई आणि तिच्या पाठोपाठ छातीशी फाइल धरलेला एक माणूस, दोघंही धावतपळत फुटपाथला लागले होते. काकांनी स्टॉपवॉच थांबवून पाहिलं. सोळा सेकंद. हिरवा माणूस सतरा सेकंद टिकत होता, म्हणजे दोघं एक सेकंद हातात ठेवून पोचले होते. पुठ्ठ्याला लावलेल्या तक्त्यावर त्यांनी पहिल्या रकान्यात दोन रेघा ओढल्या.

वाहतूक विभागात त्यांना सगळे सेकंदकाका म्हणत. शहरातल्या कुठल्या चौकात कुठला दिवा किती वेळ जळतो हे त्यांना तोंडपाठ होतं, आणि त्यातले निम्मेअधिक आकडे त्यांनीच ठरवलेले होते. त्यांची ड्यूटी सकाळी सात ते अडीच, तीही कंट्रोल रूमच्या खुर्चीत. पण हे क्रॉसिंग ठेवायचं की बंद करायचं, याचा काय तो निकाल लावायचा होता, म्हणून तीन दिवस दुपारी तीन ते पाच जागेवर उभं राहून मोजणी करायचं त्यांनी अंगावर घेतलं होतं. घर इथून चार मिनिटांवर. पाच वाजले की तक्ता काखोटीला मारून जायचं, कुलूप काढायचं, आणि सकाळी जिथे ठेवला तिथेच बसलेला कप विसळून त्यातच चहा घ्यायचा. कपाला हलवायला घरात दुसरं होतं कोण?

तसा निकाल लागल्यातच जमा होता. रस्ता सहा लेनचा. पूर्वी इथे पायी जाणाऱ्यांना अठ्ठावीस सेकंद मिळत आणि गाड्यांची रांग पार पुलापर्यंत जाई. दीड वर्षापूर्वी काकांनी अठ्ठावीसाचे सतरा केले, मधला टेकायचा कट्टा काढून वळणाऱ्या गाड्यांना जागा करून दिली आणि रांग निम्म्यावर आणली. पेपरात फोटो आला. त्यानंतर एकही अपघात नाही, एकही तक्रार नाही. आणि खांबावरचं बटण दाबणारी माणसं दिवसाला दोनशेवरून साठावर आली होती.

"काका, साठ माणसांसाठी सहा लेन थांबवायच्या?" सकाळी विभागप्रमुख मॅडम म्हणाल्या होत्या. वयाने काकांच्या मुलीएवढ्या, कामाला खमक्या आणि मनानं वाईट मुळीच नव्हत्या. "पुढे पूल आहेच की पायी जाणाऱ्यांना."

"बावन्न पायऱ्या आहेत त्याला."

"लिफ्टचा प्रस्ताव आहे ना."

"प्रस्ताव आहे."

"मग तुम्ही शुक्रवारी आकडे आणा. आकडे सांगतील ते करू. तुम्हीच शिकवलंय मला हे."

काकांना ते ऐकून बरं वाटलं होतं. आजकाल त्यांचं कुणी काही लक्षात ठेवत नसे.

चार वाजत आले. समोरच्या थांब्यावर उभी असलेली बस हलली आणि पलीकडचा फुटपाथ मोकळा दिसला. तिथे खांबापाशी ताई उभी होती.

काकांचा हात आपोआप वर गेला. ताई अंगानं थोडी उतरली होती, पण काखेतली तपकिरी पर्स तीच, मान किंचित डावीकडे कलती ठेवून उभं राहणंही तेच. तिने रस्त्यापलीकडे, नेमकं काकांच्या दिशेनं पाहिलं. क्षणभर तशीच पाहत राहिली आणि मग वळून आल्या वाटेनं चालू लागली. काकांनी वर गेलेला हात डोक्यावर नेला आणि केस सारखे केले. ते विरळ झाल्याला बरीच वर्षं झाली होती.

बघितलं आणि तोंड फिरवलं. दीड वर्ष झालं तरी राग आहे तो आहेच, असं त्यांच्या मनात आलं, आणि पुढची पाच-सहा माणसं मोजायचीच राहून गेली.

ताई त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई आजारी असायची, त्यामुळे काकांना शाळेत नेणं-आणणं तिच्याकडेच असे. रस्ता ओलांडताना ती त्यांचा हात धरत नसे, मनगट धरी. हात सुटतो, मनगट सुटत नाही, असं तिचं म्हणणं. पुढे दोघांचीही लग्नं झाली, संसार झाले आणि दोघांच्याही वाट्याला एकेकटं घर आलं. काकांची बायको गेली तेव्हा महिनाभर माणसांची ये-जा होती. मग एकेक जण आपापल्या कामाला लागला. ताई मात्र येत राहिली. रोज चार वाजता ती पलीकडून यायची, पर्समधून पत्त्यांचा कॅट काढायची आणि म्हणायची, "पीस." दोघं साडेपाचपर्यंत खेळत. बोलणं फारसं होत नसे. ताई सर्रास लबाडी करायची आणि पकडली गेली की खुदकन हसायची.

एका रविवारी काका तिच्यावर घसरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मोठं काम होतं, साहेब लोक येणार होते, डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यात ताईने मांडीखाली राजा लपवला.

"लबाडी केल्याशिवाय तुला जिंकताच येत नाही," ते म्हणाले. "असं खेळायचं असेल तर येऊ नकोस."

ताई हसली नाही. तिने पत्ते गोळा केले, त्यांना रबर लावलं आणि दार लावून घ्यायला सांगून ती निघून गेली. सोमवारी ती आली नाही. मंगळवारीही नाही. गुरुवारी काकांनी फोन केला, तेव्हा म्हणाली, "गुडघे कुरकुरतायत रे. बघते." महिन्याभराने केला, तेव्हा म्हणाली, "जमलं की येईन." हे रुसव्याचं बोलणं आहे हे कळायला काका काही दूधखुळे नव्हते. मोठी ती, रुसलेली ती, तेव्हा यायचंही तिनेच, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं. वाण्याचं दुकान, बस, दवाखाना, सगळं त्यांना रस्त्याच्या अलीकडेच होतं. पलीकडे जायला कारण पडत नसे. मग फोन फक्त वाढदिवसांपुरते उरले. जेवलास का, जेवलो, आणि फोन बंद.

त्या संध्याकाळी काकांनी टेबलाशी बसून दिवसाच्या रेघांची बेरीज केली. समोरच्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे ठेवायची सवय लागली होती. त्यांनी कपडे उचलून पलंगावर ठेवले, थोडा वेळ रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि कपडे परत आणून तिथेच ठेवले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता ताई पुन्हा आली.

या वेळी काका सिग्नलच्या नियंत्रणपेटीआड सरकले. आपण दिसलो नाही तर ती काय करते ते त्यांना पाहायचं होतं. ताईने बटण दाबलं. हिरवा माणूस लागला, आजूबाजूची चार माणसं उतरली आणि ताई जागची हलली नाही. तिची मान त्यांच्याकडे नव्हतीच. ती वर, दिव्याकडे पाहत होती आणि तिचे ओठ हलत होते. लाल झाला. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा हिरवा. या वेळी तिने एक पाय फुटपाथवरून खाली ठेवला, तसाच ठेवून उभी राहिली आणि परत वर घेतला. मग पर्स काखेत नीट धरून ती निघून गेली.

काकांनी हातातलं यंत्र पाहिलं. कळ दाबायची की नाही ते त्यांना कळेना. तक्त्यात तीन रकाने होते, हिरव्यात ओलांडणारे, लालमध्ये ओलांडणारे आणि गाड्या. ताई तिन्हींत बसत नव्हती.

पाच वाजता ते घराकडे वळले नाहीत. रस्ता ओलांडून पलीकडे गेले. पलीकडच्या खांबाला पाठ टेकून एक किल्लीवाला बसायचा. त्याची फळी, कानशी आणि तारेत ओवलेल्या जुन्या किल्ल्यांचा घोस काका वर्षानुवर्षं लांबून पाहत आले होते.

"इथे चार वाजता एक बाई येतात," काका म्हणाले. "तपकिरी पर्स."

"त्या होय? रोज येतात. घड्याळ लावून घ्यावं."

"कुठे जातात?"

"कुठेच नाही. इथवर येतात, दोन-तीन सिग्नल बघतात आणि परत जातात." किल्लीवाल्याने कानस खाली ठेवली. "एकदा उतरल्या होत्या. निम्म्यात लाल झाला. एका अंगाला बस, एका अंगाला ट्रक आणि मधे या. पूर्वी मधे कट्टा तरी होता टेकायला. मीच धावलो, धरून मागे आणलं. लटलट कापत होत्या हो."

"कधी झालं हे?"

"दीड वर्ष झालं असेल. ते फोटोवाले आले होते बघा, फीत कापली, नवीन सिग्नल म्हणून. त्याच दुपारी."

काकांनी खांबाला हात टेकला.

"मग अजून येतात कशाला?"

"मीही विचारलं. म्हणाल्या, एखाद्या दिवशी गाड्या कमी असतील." किल्लीवाला थोडा हसला. "एकदा मी म्हटलं, कुठल्या दीडशहाण्याने बसवलाय हा सिग्नल? तर माझ्यावरच उखडल्या. माझ्या भावाने बसवलाय म्हणाल्या, पेपरात फोटो आलाय त्याचा. तेव्हापासून आपण गप्प." त्याने काकांच्या गळ्यातल्या ओळखपत्राकडे पाहिलं. "साहेब, तुम्ही त्याच ऑफिसातले ना? त्यांच्या भावाला सांगा की जरा."

"सांगतो," काका म्हणाले.

अलीकडे येऊन त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. दाराच्या आतल्या बाजूला वेळा बदलल्याची नोंद ठेवणारं कार्ड लटकत होतं. शेवटची ओळ त्यांच्याच अक्षरात होती. अठ्ठावीस खोडून सतरा, खाली सही आणि तारीख. सोमवारची. म्हणजे रविवारी त्यांनी तिला येऊ नकोस म्हटलं आणि सोमवारी ती पत्ते घेऊन निघाली होती. रुसवा एक दिवससुद्धा टिकला नव्हता. साऱ्या शहराच्या दिव्यांचा एकमेकांशी मेळ घालणाऱ्या माणसाला रविवार आणि सोमवार या दोन दिवसांचा मेळ दीड वर्षात घालता आला नव्हता.

चावी फिरवून आकडा बदलायला त्यांना मिनिटही लागलं नसतं. पण वरून मंजुरी आल्याशिवाय पेटीतल्या आकड्याला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनीच केलेला. त्यांनी दार लावलं. तिथेच उभं राहून तक्त्यावर पट्टीने चौथा रकाना आखला आणि वर लिहिलं, परतलेले. शेऱ्याच्या जागी पेन्सिलीने लिहिलं, पूर्ववत २८ सेकंद करावेत. मग ताईच्या घरी जावं असं त्यांना फार वाटलं, पण तिच्यापुढे उभं राहायला तोंड नव्हतं.

तिसऱ्या दिवशी काका तीनच्या आधीच पलीकडे जाऊन उभे राहिले. तीस वर्षांत त्यांनी या रस्त्याची मोजणी कायम पेटीच्या बाजूनेच केली होती. सावली तिथे होती. या बाजूने पाहिल्यावर पहिल्या पाऊण तासातच चौथ्या रकान्यात नऊ रेघा झाल्या. एक काठीवाले गृहस्थ. दोन पोरांना दोन हातांना धरलेली एक बाई. पोटुशी असलेली एक मुलगी दोनदा आली आणि दोन्ही वेळा पुलाच्या दिशेनं नजर टाकून परत फिरली. यांतलं कुणीही आजवर तक्रार करायला आलं नव्हतं. दिवा आपल्याला पुरत नाही म्हणजे आपलंच काहीतरी कमी, असं समजून ती माणसं घरी गेली होती.

चारला ताई आली. काकांना बघून थबकली.

"तू इथे काय करतोयस?"

"मोजतोय."

"मग मोज. मी मधे येत नाही." ती खांबाच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, "वाळलायस."

"तूही."

किल्लीवाला कानस घासायचा थांबला आणि दोघांच्या तोंडांकडे पाहून पुन्हा घासू लागला.

"ताई, फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. गुडघे दुखतायत म्हटलं."

"सिग्नलचं."

ताई पर्सची चेन उघडत-लावत राहिली. "एवढ्या माणसांना पुरतो. मला एकटीला पुरत नाही. तेवढ्यासाठी तुझ्या कामाला कुठे नावं ठेवायची? जिवावर आलं माझ्या."

काकांना खूप बोलायचं होतं. चुकलो म्हणायचं होतं. त्यांनी तक्ता काखेत धरला आणि बटण दाबलं.

"चल."

"नको रे. सतराच आहेत. मी मोजलेत."

"किती आहेत ते मला माहीत आहे."

हिरवा माणूस लागला. काकांनी डाव्या हाताने स्टॉपवॉच सुरू केलं आणि उजव्या हाताने ताईचं मनगट धरलं. ते इतकं बारीक झालं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ती उतरली. उजवा पाय पुढे, मग डावा त्याच्याशेजारी, मग पुन्हा उजवा. काका आयुष्यभर माणसाची चाल सेकंदाला चार फूट धरत आले होते. पुस्तकात तेवढीच होती. पुस्तकातल्या माणसाला गुडघे नव्हते.

मधल्या पांढऱ्या रेषेवर आले आणि लाल झाला.

ताईचे पाय थांबले. "परत जाऊ या."

"पुढे बघ. माझ्याकडे नको बघूस."

तिकडच्या तिन्ही लेन सुटायला आल्या होत्या. काकांनी मनगट न सोडता स्टॉपवॉचचा हात वर केला आणि तसाच वर ठेवला. पहिला हॉर्न वाजला, मग त्यामागचे सगळे. ज्या गाड्यांचं भलं करण्यात त्यांची सारी नोकरी खर्ची पडली होती, त्या समोरून कशा दिसतात हे ते आज पहिल्यांदा बघत होते. एका टॅक्सीवाल्याने खिडकीतून डोकं काढलं.

"ओ काका, फिरायला दुसरी जागा नाही मिळाली का?"

"धाकट्या," ताई पुटपुटली, "लोक खोळंबलेत."

"खोळंबू देत."

ती घाई करू पाहत होती, पण तिच्याने होत नव्हती. उजवा पाय, मग डावा. काकांनी हात खाली घेतला नाही. खांदा भरून आला, काखेतला तक्ता निसटायला लागला, तरी घेतला नाही. फुटपाथची कड आली. ताईने तिच्यावर आधी एक पाय ठेवला, दम घेतला, मग दुसरा. पाठीमागून गाड्या सुटल्या.

काकांनी वळून उभं राहून स्टॉपवॉच थांबवलं. चौतीस.

त्यांनी पुन्हा पाहिलं. पूर्वी ती अठ्ठावीसात यायची, रोज यायची, तेवढ्यात पोचून वर रस्त्याला नावं ठेवायलाही तिला वेळ असायचा. अठ्ठावीस परत दिले की झालं, सगळं होतं तिथे येईल, या भरवशावर ते रात्री झोपले होते. तो आकडा शेऱ्याच्या जागी पेन्सिलीने लिहिलेला होता. तो तिला आता पुरणार नव्हता. ती पलीकडे उभी राहत होती आणि ते अलीकडे कप विसळत होते, त्या दीड वर्षात तिचे सहा सेकंद गेले होते.

ताई खांबाला धरून श्वास घेत होती. "किती झाले?"

काकांनी आकड्यात कधी खोट केली नव्हती.

"अठ्ठावीस," ते म्हणाले. "पहिल्याइतकेच."

ताईने त्यांच्याकडे पाहिलं. मान तशीच किंचित डावीकडे कलली होती.

"लबाडी करतोयस," ती म्हणाली. "मी मोजत होते."

काकांनी तक्ता काढला, खिशात चाचपून खोडरबर शोधलं, अठ्ठावीस खोडले आणि पेनाने चौतीस लिहिले. ताईची नजर कागदावर आहे हे त्यांना जाणवत होतं. लिहून झाल्यावर तिने पर्सची चेन लावली.

"चल," ती म्हणाली. "आणि त्या दिवशीचा राजा मी खरंच लपवला होता."

काकांनी हसायचा प्रयत्न केला, पण तो काही नीट जमला नाही. त्यांनी पुन्हा तिचं मनगट धरलं आणि दोघं घराकडे निघाली. चार मिनिटांच्या वाटेला अकरा मिनिटं लागली.